फोनमधला भोंगा

माझ्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. मधे अंतरपाट, पलीकडं नवरा, अलीकडं मान खाली घातलेली मी. परभणीत जिंतूर रोडवरचं ते मंगल कार्यालय माणसांनी भरलेलं होतं आणि प्रत्येकाच्या मुठीत अक्षता होत्या. लग्न लावणारे स्वामी शेवटच्या ओळीवर आले, आणि तेवढ्यात कुणाच्या तरी खिशात भोंगा वाजायला लागला. फोनची नेहमीची रिंग नव्हती ती. कापसाच्या जिनिंगचा भोंगा असतो तसा आवाज, पण तुटक तुटक आणि कानात घुसणारा. एक वाजला, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि मग बायकांच्या पर्समधले, पुरुषांच्या खिशातले, व्हिडिओवाल्याच्या कमरेचा, स्वामींच्या झोळीतला, असे सगळेच. एका फोनमधून तर कोणी बाई हिंदीत काहीतरी वाचून दाखवायला लागली. लेकरं रडायला लागली.

बाहेर बँडवाल्यांना आतलं काही दिसत नव्हतं. गलका ऐकून त्यांना वाटलं, लग्न लागलं. त्यांनी बँड सुरू केला. बँड वाजला म्हणून लोकांनी अक्षता टाकल्या. अंतरपाट अजून धरलेलाच होता. निम्म्या अक्षता त्या कापडावर पडल्या आणि घरंगळून खाली गेल्या.

स्वामी शांत माणूस. त्यांनी हात वर करून बँड थांबवला, शेवटचं मंगलाष्टक पुन्हा म्हटलं आणि मग अंतरपाट दूर झाला. दुसऱ्यांदा वाटायला अक्षता पुरल्या नाहीत. काही जणांनी खालच्याच वेचून टाकल्या. नंतर माझ्या वडिलांनी माईक घेऊन फोनवर आलेला मजकूर सगळ्यांना वाचून दाखवला. संकटाच्या वेळी लोकांना सावध करायची सरकारची नवी सोय होती, तिची ही नुसती चाचणी होती, कुणी घाबरायचं कारण नव्हतं, कुणी काही करायचंही नव्हतं. लोक हसले. जेवणाच्या पंगतीत दिवसभर त्याच्यावरच विनोद चालले होते.

माझ्या सासूबाई हसल्या नाहीत. मी त्यांना मामी म्हणते, सासऱ्यांना मामा. आमच्याकडं तशीच पद्धत आहे. मामी ठेंगण्या, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि डोळे असे की समोरच्यानं काय लपवलंय ते शोधतच असतात. त्या हॉलच्या खांबाला टेकून उभ्या होत्या आणि खाली पडलेल्या अक्षतांकडं बघत होत्या.

सासर पोखर्णीच्या अलीकडच्या एका खेड्यातलं. घरापुढं किराणा दुकान, आणि ओढ्याच्या पलीकडं शेत. वऱ्हाडाच्या गाडीत मामींच्या मोठ्या बहिणीनं मला जवळ बसवून घेतलं. पाणी हवं का, डोळा लागतोय का, असं विचारता विचारता ती सहज म्हणाली, पहिला फोन तुमच्याच बाजूला वाजला म्हणतात. मी म्हटलं, सगळ्यांचेच वाजले. ती म्हणाली, वाजले, पण पहिला कोणाचा, हे बघावं लागतं. पुढच्या सीटवर मामी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही, पण त्यांचं ऐकण्याकडं लक्ष होतं हे मला पाठीवरूनही कळलं.

पहिला फोन कोणाचा, हा प्रश्न त्या घरात पुढं कित्येक दिवस राहिला. मोठ्यानं कुणी विचारायचं नाही. पण मामी आल्यागेल्याला लग्नात कुठं उभे होतात ते विचारायच्या, आणि मग आवाज कोणत्या अंगानं आला ते. मी चुलीपाशी किंवा मागच्या दारी असायचे. माझी चाहूल लागली की बोलणं भाजीपाल्यावर यायचं. दुसऱ्या खोलीत कुजबुज चालली की ती आपल्याविषयीच आहे, असं मला वाटायला लागलं. बहुतेक वेळा ती होतीही.

नवरा परभणीला पशुखाद्याच्या एका दुकानात कामाला आहे. सकाळी मोटारसायकलवर जायचा, दिवस मावळायला परत यायचा. त्याला सांगितलं की म्हणायचा, आईचा स्वभावच शंकेखोर हाय, दूधवाल्याला सुद्धा ती दूध ओतताना हात बघते. मनावर घेऊ नको. पण दिवसभर घरात तो नसायचा, मी असायचे.

मग लग्नाचा व्हिडिओ आला. मामींनी तो लावायला सांगितला आणि टीव्हीपुढं पाट मांडून बसल्या. हळदी, देवक, सगळं भराभर पुढं ढकलायला लावलं. अंतरपाट आला तसं त्यांनी आवाज मोठा करायला सांगितला. आणि तिथं आवाजच नव्हता. व्हिडिओवाल्यानं शहाणपणा करून तेवढ्या भागावर सिनेमातलं सनईचं गाणं टाकलं होतं. माणसं दचकताना दिसत होती, तोंडं हलत होती, लेकरं रडत होती आणि वर सनई चाललेली.

मामींनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. शेवटी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "व्हिडिओवाला तुमच्या अप्पांनी ठरवला होता ना?"

मी हो म्हटलं.

"लपवायचं नसतं तर गाणं कामून घातलं असतं?"

मी अप्पांना, माझ्या वडिलांना, फोन करून विचारलं. ते म्हणाले, त्यानं आम्हालाही न विचारता केलं, त्याला वाटलं आवाज वाईट येतोय. मी ते मामींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या वडिलांची साक्ष माझ्याच बाजूची, तिला काय किंमत असणार.

पुढं पावसाळा आला आणि फोन खरोखरीचे वाजायला लागले. आधी नुसती कधीतरी चाचणी यायची. आता आभाळ जरा भरलं की भोंगा. विजा पडण्याची शक्यता, जोराच्या वाऱ्याची शक्यता, धरणातून पाणी सोडणार, नदीकाठच्यांनी सावध राहावं. नदी आमच्या गावापासून कितीतरी लांब. पण निरोप अख्ख्या जिल्ह्याला जात असणार. तिकडं पाथरीला ढग आला तरी इकडं आमची भांडी दणाणायची. पहिले काही दिवस गावात माणसं बाहेर येऊन वर बघायची. वर निळं आभाळ. मग बघायचं बंद झालं. दुकानात बसलेली माणसं आवाज झाला की खिशात हात घालून अंगठ्यानं तो बंद करायची, बोलणं न तोडता, जशी डोक्यावरची माशी हाकलावी. मामा तर म्हणायचे, आपला कुत्रा बरा, तो निदान माणूस बघून भुंकतो.

घरात मात्र एक माणूस प्रत्येक भोंगा ऐकायचं. मामींचा फोन भिंतीतल्या देवळीत असायचा. सकाळी त्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसल्या असताना तो वाजला तरी पापणी हलायची नाही. पूजा आटोपली की मला हाक यायची. बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. मी मजकूर वाचून दाखवायचा. त्या ऐकायच्या, पण आभाळाकडं नाही, माझ्याकडं बघत. मला वाटायचं, ह्या विजेचा नाही, माझा अंदाज घेतायत. त्याच उन्हाळ्यात बोअरची मोटर जळाली होती आणि गाय दोनदा उलटली, म्हणजे गाभण राहिली नव्हती, आणि ते सगळं कुठंतरी त्या पडलेल्या अक्षतांना जोडलं जातंय, अशी माझी खात्री झाली होती. तसं त्या कधी म्हणाल्या नाहीत. न म्हणणाऱ्या माणसाचा जास्त धाक वाटतो.

एकदा मी रडले तेव्हा नवऱ्यानं माझ्या फोनमध्ये कुठंतरी जाऊन ती सूचनाच बंद करून टाकली. म्हणाला, घे, आता तुझा वाजणार नाही. मला हलकं वाटलं. चारच दिवस गेले असतील. दुपारी आम्ही ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. मामी, लग्नाची राहिलेली नणंद आणि मी. फोन बाजूला पडलेले. दोघींचे एकदम भोंगा करून उठले. माझा गप्प.

मामींनी आपल्या फोनकडं बघितलंच नाही. माझ्या फोनकडं बघितलं.

"तुझा का वाजला न्हाई?"

मी म्हटलं, बंद करून ठेवलाय. त्या म्हणाल्या, बंद कसा, आता तर तू बोलत होतीस. मी सांगायचा प्रयत्न केला की फोन चालू आहे पण भोंगा बंद आहे, तसं करता येतं. नणंदेनंही सांगितलं. मामी शेंगा फोडत राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. जिच्यामुळं वाजतं, तिला आधीच ठाऊक असणार. रात्री नवऱ्याला सांगून मी तो पुन्हा सुरू करून घेतला. वाजला तर वाजला, पण सगळ्यांच्या बरोबर वाजू दे.

श्रावण संपता संपता नणंदेला बघायला पाहुणे आले. राणीसावरगावचे. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक चुलते. मामींनी आदल्या दिवसापासून घर घासूनपुसून काढलं होतं. स्वतः पोहे केले. मला म्हणाल्या, तू आतच थांब, चहा तेवढा बाहेर दे. का, ते मी विचारलं नाही. पदर सावरत नणंद पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेली, पाटावर बसायला वाकली, आणि सगळ्यांचे फोन वाजले. पाहुण्यांचे, मामांचे, देवळीतला, आतला माझा.

मी दाराच्या आडून मामींचं तोंड बघितलं. रक्त उतरलं होतं. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता हेही माझ्यावर येणार. नणंदेच्या हातातली बशी कलली, पोहे सांडले.

मुलाच्या चुलत्यांनी फोन काढला, चष्मा वर करून बघितला आणि बंद करून ठेवून दिला. म्हणाले, "आमचं गाव जिल्ह्याच्या हद्दीवर. इकडचा भोंगा बी आमालाच आन् तिकडचा बी आमालाच. परवा मयतीत वाजला. खांदेकरी बी थांबले न्हाईत."

त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं की मुलाची आई हसली, आणि मग मामाही हसले. पाहुण्यांनी नणंदेला शिक्षण विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. जाताना, कळवतो म्हणाले, आणि आठवड्यानं होकार कळवलासुद्धा.

होकार आला त्या संध्याकाळी मामी माझ्याशेजारी भाकरी थापत होत्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील, चुकलं माझं. तसं काही झालं नाही. त्यांच्या मनात एक शंका सुटली होती आणि तिच्या जागी दुसरी बसली होती. त्या म्हणाल्या, हे यंत्र मयत बघत नाही, लगीन बघत नाही, सारखं ओरडतं. जे सारखं ओरडतं ते काहीतरी झाकायला ओरडतं. गावात जत्रेत खिसा कापणाऱ्याचा जोडीदार असाच मोठ्यानं भांडण काढतो. मी म्हटलं, मामी, सरकार कशाला खिसा कापेल? त्या म्हणाल्या, मला काय ठाऊक, मी आपलं बगायलेय.

तेव्हापासून त्या माझ्याकडं कमी आणि फोनकडं जास्त संशयानं बघायला लागल्या. मला बरं वाटलं. पण पुरतं बरं नाही. ज्या माणसाला संशयाची सवय आहे त्याचा संशय कधी कुठं वळेल ह्याचा नेम नाही, म्हणून मी सावधच होते.

भादव्यातली गोष्ट. सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या होत्या. दोन-तीन दिवस भोंग्यांनी नुसता उच्छाद मांडला होता आणि पाऊस म्हणाल तर अंगण ओलं होण्यापुरता. त्या दिवशी सकाळी मामा बैल घेऊन ओढ्यापलीकडच्या आखाड्यावर गेले. आखाडा म्हणजे शेतातलं पत्र्याचं घर, बैल बांधायला आणि चारा ठेवायला. नवरा परभणीला गेला होता, नणंद दुकानात बसली होती. लाइट रात्रीपासून गेलेली.

दुपारची जेवणं झाली आणि मामी अंगणात आल्या. हातात फोन. तो त्यांनी उलटा केला, सुलटा केला, कानाला लावला.

"आज हा गप कामून हाय?"

मी म्हटलं, बरंच आहे की. त्या म्हणाल्या, काल सारखा बोंबलत होता, परवा बोंबलत होता. आज सकाळपासनं एकदा बी न्हाई. मी माझा फोन बघितला. रेंजच नव्हती. लाइट नाही म्हणजे टॉवर बंद पडला असणार, असं मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी मामांना फोन लावायला सांगितला, तर तो कुठून लागणार.

आमच्या डोक्यावर ऊन होतं. पण परभणीच्या अंगाला, ओढा जिकडून येतो त्या वरच्या बाजूला, आभाळ काळं झालं होतं आणि खाली जमिनीपर्यंत धुरकट पट्टे दिसत होते. मला ते काही विशेष वाटलं नाही. इतके दिवस फोन ओरडून सांगत होता आणि काही झालं नव्हतं, मग तो गप्प असताना काय होणार, असं माझ्या डोक्यात. मामींचं उलटं होतं. ओरडणाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, पण ओरडणारा एकाएकी गप्प झाला ह्यावर त्याहून नव्हता. त्यांनी चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, चल.

ओढ्यापर्यंतची वाट कापसाच्या शेतांतून जाते. मामी पुढं, मी मागं. चिखलानं चपला जड झाल्या तशा त्यांनी त्या काढून हातात घेतल्या. चालता चालता, मागं न बघता, त्यांनी विचारलं, "खरं सांग. त्या दिवशी तुझा फोन वाजला न्हाई, ते खरंच बंद केलं होतं?"

मी म्हटलं, "हो. तुम्ही माझ्याकडं बघायच्या म्हणून बंद केलं होतं."

"मग तसं सांगायचं ना."

"तुम्ही विश्वास ठेवला असता का?"

त्यांनी चपला दुसऱ्या हातात घेतल्या. मग म्हणाल्या, "न्हाई. न्हाईच ठेवला असता."

आणि पुन्हा थोड्या वेळानं, "शक तुझा न्हवता, पोरी. त्या येळेचा होता."

हे ऐकून मला गहिवरून यायला हवं होतं. मला आला तो संशय. त्या वेळी त्यांना माझी सोबत हवी होती, म्हणून तर असं म्हणत नाहीत ना, असं मनात आलं. त्या घरात राहून मीही तशीच झाले होते.

ओढ्यावर रेल्वेसारखा उंच पूल नाही, नुसता फरशीचा बसका पूल आहे, पाणी आलं की वरून वाहतं. आम्ही पोचलो तेव्हा फरशीवरून घोट्याएवढं पाणी चाललं होतं. भादव्यात तेवढं असतंच. पण मामी काठावर बसल्या, पाण्यात बोटं घातली. रंग बदलला होता. चहासारखं पाणी, त्याच्यावर फेस, आणि फेसातून कापसाच्या पळाट्या, पाला, एक प्लॅस्टिकची घागर वाहत आलेली. आमच्याकडं थेंब नव्हता, म्हणजे हे वरून येत होतं.

मामींनी हाका मारल्या. आखाडा तिथून शे-दीडशे पावलांवर, मधे तुरीचं रान. ऐकू जाईना. त्या साडी खोचायला लागल्या. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, मी जाते. त्या म्हणाल्या, तू शहरातली, तुला पाण्याची सवय न्हाई. मी म्हटलं, तुमचे गुडघे धरतात, तुम्हाला पळता येणार नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच त्यांची नजर माझ्यात काही शोधत नव्हती, नुसती घाबरलेली होती. म्हणाल्या, कडेनं जाऊ नको, मधून जा.

मी फरशी ओलांडली आणि तुरीतून पळत सुटले. मामा आखाड्यात खाटेवर पडले होते, बैल रवंथ करत होते. मला धापा टाकताना बघून ते उठून बसले.

"काय झालं? फोन वाजला का?"

"नाही. वाजत नाही म्हणून मामींनी पाठवलंय."

त्यांना हसू आलं. म्हणाले, "वाजला तर पळा, न्हाई वाजला तरी पळा. मग थांबायचं कवा?"

मी ओढ्याच्या पाण्याचा रंग सांगितला. प्लॅस्टिकच्या घागरीचं सांगितलं. तेव्हा त्यांचं हसू गेलं. त्यांनी बैल सोडले. शेजारच्या आखाड्यावर गावातलं एक नवरा-बायकोचं जोडपं होतं, त्यांनाही हाक मारून सांगितलं. तो माणूस म्हणाला, सकाळपासून भोंगा सुद्धा नाही, तुम्ही व्हा पुढं, आम्ही एवढं फवारून येतो.

फरशीवर आता पाणी पोटऱ्यांच्या वर आलं होतं. बैल आधी जाईनात. मामांनी एकाचा कासरा मला दिला, दुसरा स्वतः धरून पुढं झाले, आणि त्याच्या मागं माझा बैल निघाला. पाण्याचा जोर असा की पाय उचलला की तो दुसरीकडंच पडायचा. मी बैलाच्या अंगाला टेकून चालत होते. मधे एकदा फरशीचा काठ पायाला लागला, तशी मी बैलाला आणखी चिकटले. पलीकडं मामी गळ्यातलं लिंग मुठीत धरून उभ्या होत्या. मी जवळ आले तसा त्यांनी माझा दंड धरला आणि ओढून काठावर घेतलं. नखं रुतली इतकं घट्ट.

आम्ही बांधावर चढून मागं बघितलं. थोड्याच वेळात वरून लोंढा आला. आवाज आधी आला, मग पाणी. फरशी कुठं आहे ते दिसेना. पलीकडचं जोडपं धावत काठापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. मामांनी हातवारे करून त्यांना मागं, उंचावर जायला सांगितलं. ती दोघं दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर घरी आली, उपाशी आणि भिजलेली, पण धड. त्यांची एक शेळी गेली. आमचा आखाडा राहिला. त्याच्या दारापर्यंत गाळ आला होता.

दिवस मावळताना लाइट आली आणि रेंजही आली. मामा ओसरीवर अंग पुसत बसले होते, मी चहा गाळत होते. घरातले सगळे फोन एकदम भोंगा करून उठले. मी वाचून दाखवलं. अतिवृष्टीची शक्यता, नदी-नाल्यांपासून दूर राहावं. मामा नुसते "हं" म्हणाले आणि चहाला हात पुढं केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला फोन माझ्याकडं दिला आणि हे बोंबलणं कायमचं बंद करता येतं का, असं विचारलं. मी मामींकडं बघितलं. मला वाटलं, त्या नको म्हणतील. त्या म्हणाल्या, करू दे त्यांचा बंद, माझा राहू दे. एकाच घरात दोन तऱ्हा असलेल्या बऱ्या.

त्या दिवसानं मामी बदलल्या असं मला सांगता येणार नाही. दूधवाल्याच्या हाताकडं त्या अजून बघतात. मी बाजारातून भाजी आणली की खालची काढून बघतात. पण पहिला फोन कोणाचा, हा विषय घरातून गेला. त्यांच्या मोठ्या बहिणीनं दिवाळीत तो पुन्हा काढायचा प्रयत्न केला, तर मामी म्हणाल्या, अक्का, ते जुनं झालं, फराळ घे. एवढंच. मी स्वयंपाकघरात होते. हे त्या मला ऐकू जावं म्हणून म्हणाल्या की खरंच मनातून, ते मी ताडत बसले, आणि करंज्या जरा जास्त तळल्या गेल्या.

गावात मात्र एक वेगळंच सुरू झालं. शेळी गेलेल्या त्या बाईनं गावभर सांगितलं की दुकानवाल्या मामींना आधीच कळतं. फोन वाजला की लोक अजूनही अंगठ्यानं बंद करतात, पण हल्ली दुकानात आले की हळूच विचारतात, मामी काय म्हणतात? सोयाबीन काढून टाकावं का? लेकीला आज गाडीला बसवावं का? नणंदेच्या लग्नाची तारीख धरताना पाहुण्यांनी सुद्धा विचारून घेतलं, मामींना त्या दिवसाचं काही वाटतं का.

मामींना ह्याचा मनस्वी राग येतो. परवा शेजारची एक बाई पापडाचं पीठ मळायच्या आधी आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, मामी, दोन दिवस ऊन राहील का, तुमी सांगा, फोनवर माझा भरवसा न्हाई.

मामी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"फोनवर न्हाई, मग माझ्यावर कशाला ठेवतीस? बाहेर हो, वर बघ."

ती बाई बाहेर झाली, वर बघितलं आणि आपल्या घरी गेली. मामी माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, हिला काय पायजे असंल गं, सकाळी सकाळी? नुसतं पापडासाठी कुणी येत न्हाई.